सदर पुस्तक ही पोथी नव्हे

आप्पासाहेब औताडे यांच्या पहिल्या आणि एकुलत्या एका पुस्तकावर पहिला अभिप्राय आला तो हळदीकुंकवाचा. नुसतं बोट टेकवलेलं नव्हतं. चांगली पाच बोटं ओढली होती, तीही नेमकी लेखकाच्या नावावर, त्यामुळे ‘आप्पासाहेब’ पिवळे झाले होते आणि ‘औताडे’ लाल. वर एक झेंडूचं फूल. पुस्तक होतं शेजारच्या काकासाहेबांच्या देवघरात, देवाच्या टाकांच्या बाजूला, घडी घातलेल्या लाल फडक्यावर.

“काकासाहेब, हे काय?”

“तुमचं पुस्तक. आल्यापासून घरात लई प्रसन्न वाटतंय हो.”

“वाचलं का?”

काकासाहेबांनी कानाच्या पाळ्यांना हात लावला. “असं कसं वाचू, आप्पा? अंघोळ करून, सोवळं नेसून एका बैठकीत बसाया पाहिजे. चातुर्मासात धरू म्हणतो.”

“अहो, बनियनवर वाचा! खाटेवर लोळून वाचा! शेंगा खात वाचा!”

आतून काकासाहेबांच्या मंडळींनी “अगं बाई” म्हटलेलं ऐकू आलं, आणि त्या ‘अगं बाई’त आप्पासाहेबांच्या सहा वर्षांच्या मेहनतीचा निकाल लागून गेला.

आता इथं थोडं पुस्तकाविषयी सांगायला हवं, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. आप्पासाहेबांनी चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालवे आखले. निवृत्तीनंतर माणसं बागेत जाऊन हसायचा वर्ग लावतात, हे सहा वर्षं वाचनालयात जाऊन बसले आणि त्यातून ‘भारतीय साहित्याचा मूळ कालवा’ हा चारशे बारा पानांचा ग्रंथ बाहेर पडला. सिद्धान्त साधा होता. आपल्या साहित्याचा उगम धर्मात. यज्ञाच्या धुरात ऋचा झाल्या, यज्ञाच्या मधल्या सुटीत गोष्टी सांगितल्या गेल्या, गोष्टींची पुराणं झाली, पुराणातून कीर्तन निघालं, कीर्तनातून नाटक, आणि असं करत करत आजची कादंबरी. धर्म हे धरण. तिथून मूळ कालवा, मग वितरिका, मग चाऱ्या, आणि अगदी टोकाला, कालव्याच्या शेपटाशी, रानातला अडाणी माणूस, ज्याच्या वाट्याला उरलंसुरलं पाणी. पुस्तकाच्या पाठीमागं या सगळ्याचा घडीचा नकाशा जोडला होता, निळ्या शाईत, बाणांसकट. नकाशाच्या बाबतीत आप्पासाहेब फार कडक. नोकरीत असताना एका सर्वेक्षकाच्या हातून नकाशात एक विहीर दाखवायची राहिली, तर त्यांनी त्याला असा मेमो दिला होता की तो गृहस्थ पुढं तीन वर्षं विहीर दिसली की दचकायचा.

आप्पासाहेबांना पुस्तकाचं कौतुक नको होतं. खरंच नको होतं. त्यांना फक्त एक माणूस हवा होता, ज्यानं पुस्तक वाचावं आणि घरी येऊन म्हणावं, “अमुक पानावरचं तुमचं म्हणणं मला मान्य नाही.” मग चहा ठेवायला सांगून त्याच्याशी दोन तास भांडायचं. एवढ्यासाठी त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. भांडायला माणूस मिळावा म्हणून चारशे बारा पानं लिहिणारा हा पुंडलिकनगरातला तरी पहिलाच.

घोळ झाला तो प्रकाशनाच्या दिवशी. समारंभ मारुतीच्या देवळाच्या सभागृहात, कारण ते फुकट. प्रती बांधायचा चकचकीत कागद आणायचं राहून गेलं. काकासाहेब त्या दिवशी घरच्या पूजेचं सामान घ्यायला गुलमंडीवर होते, त्यांना फोन केला, तर ते येताना लाल कापडाचं अख्खं ठाणच घेऊन आले. म्हणाले, “कागद फाटतो, आप्पा. कापड शुभ असतं.” पन्नास प्रती लाल कापडात बांधल्या. प्रमुख पाहुण्यांची गाडी वाळूजच्या चौकात अडकली, तेव्हा ऐनवेळी देवळातल्या पुजाऱ्याच्या हस्ते प्रकाशन झालं. पुजाऱ्यानं सवयीनं आधी घंटा वाजवली, मग अक्षता टाकल्या. रत्नमालाबाईंनी, म्हणजे आप्पासाहेबांच्या सौभाग्यवतींनी, प्रत्येक बाईला प्रत देताना बरोबर नारळ दिला आणि वर बजावलं, “खाली जमिनीवर ठेवू नका हं.” केशरी मुखपृष्ठ, अठरा अध्याय, लाल कापड, घंटा, नारळ! यानंतरही ते पुस्तक आहे असं कुणाला वाटलं असतं तर त्याचंच नवल.

त्या दिवशी दारात कस्तुराबाई उभी होती. ही बाई शहराबाहेरच्या डोंगराच्या पायथ्याला राहायची. घरची शेरडं-मेंढरं, दोन म्हशी. रोज सकाळी गल्लीत दूध घालायची, आणि रतीब संपला की देवळाच्या पायरीवर किटली टेकवून घटकाभर बसायची.

“आप्पा, काय लिवलं हाय त्याच्यात?” तिनं विचारलं होतं.

“भारतीय साहित्याच्या विकासाची मीमांसा आहे. तुम्हाला नाही कळायचं, बाई.”

“बरं,” कस्तुराबाई म्हणाली आणि किटली उचलून गेली.

काकासाहेबांकडून आप्पासाहेब तणतणत निघाले ते मनकर्णाबाईंकडं. मनकर्णाबाई म्हणजे गल्लीतलं सर्व व्रतांचं माहिती केंद्र. त्यांनी पुस्तक चौरंगावर उभं केलेलं होतं, पुढं समई.

“दोन टाइम उदबत्ती लावते, भाऊ. एक दिवस चुकले नाय. फक्त मागचं ते यंत्र कोणतं हाय ते समजंना.”

“कोणतं यंत्र?”

मनकर्णाबाईंनी भिंतीकडं बोट दाखवलं. आप्पासाहेबांचा घडीचा नकाशा ब्लेडनं कापून, काचेच्या फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावला होता. खाली हार. वितरिका क्रमांक तीनवर कुंकू.

“अहो, हे यंत्र नाही! हा नकाशा आहे! पुराणवाङ्मयाचं लाभक्षेत्र दर्शवणारा नकाशा!”

“तेच की,” मनकर्णाबाई म्हणाल्या, “लाभाचंच यंत्र.”

शेवटची आशा होती चुलतभाऊ कारभारीची. अजिंठ्याकडं त्याची चाळीस एकर जमीन, आणि लहानपणापासून आप्पासाहेब जे म्हणतील त्याच्या उलट बोलायची त्याला खोड. त्याला फोन लावला. कारभारी गहिवरून म्हणाला, “दादा, नवा ट्रॅक्टर घेतला. पूजेला बॉनेटवर तुमचंच पुस्तक ठेवलं बघा. पयल्या दमात स्टार्ट झाला.” आप्पासाहेबांनी फोन ठेवला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. घरात याची कुणी दखल घेतली नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवशी त्यांना आपण होऊन बोलावं लागलं.

सूनबाई मोनिका शहाणी. शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरीला, बोलणं मोजकं. ती म्हणाली, “आप्पा, गल्लीच्या नादाला कशाला लागता? ग्रंथालयांसाठी पुस्तकं निवडणारी एक समिती असते ना, तिकडं अर्ज करा. पुस्तक वाचनालयात गेलं की कुणीतरी वाचेलच.”

आप्पासाहेब अर्ज घेऊन समितीच्या कार्यालयात गेले. तिथं टेबलावर सोमनाथराव नावाचे पस्तिशीतले साहेब बसले होते. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, आधी कपाळाला लावलं, आणि डाव्या हाताच्या गठ्ठ्यावर ठेवलं. गठ्ठ्यावर चिठ्ठी होती : ‘धार्मिक – अपात्र’.

“अहो, ते तिकडं नका ठेवू. हे पुस्तक साहित्यावर आहे.”

“काका, अध्याय अठरा आहेत.”

“विषयच तेवढा होता!”

“रंग केशरी आहे. पहिल्याच पानावर यज्ञ आहे. आणि हे बघा.” सोमनाथरावांनी पुस्तक झटकलं. अक्षता पडल्या. “पोथी यादीत बसत नाही. मागं एकानं पंचांग ‘ललित’ म्हणून घुसवलं होतं, तेव्हापासून वरून लई कडक झालंय.”

“मग करू काय मी?”

“शपथपत्र द्या. ‘सदर पुस्तक ही पोथी नव्हे’ असं. सोबत दोन शेजाऱ्यांचे जबाब, की आम्ही सदर पुस्तक वाचले असून ती पोथी नसल्याची आमची खात्री झाली आहे. मग मी येऊन स्थळपाहणी करणार.”

“पुस्तकाची स्थळपाहणी?”

“पुस्तक कुठं ठेवलंय, कसं ठेवलंय, ते पाहावं लागतं ना.”

आप्पासाहेबांना राग सोमनाथरावांचा आलाच, पण त्याहून जास्त राग या गोष्टीचा आला की ही सगळी भाषा त्यांच्या स्वतःच्या ओळखीची होती. चौतीस वर्षं त्यांनी शेतकऱ्यांकडून असलेच जबाब घेतले होते. ‘सदर चारी ही ओढा नव्हे.’ तेव्हा ते वाक्य किती सुबक वाटायचं!

शपथपत्र एका दिवसात झालं. अडलं ते जबाबांवर. काकासाहेबांनी कागद दोनदा वाचला आणि परत दिला.

“आप्पा, ‘वाचले असून’ लिहिलंय. मी तर वाचलेलं नाय. खोटी सही कशी करू?”

“मग वाचा ना!”

“आणि पुढं ‘पोथी नव्हे’ लिहिलंय. समजा वाचल्यावर निघाली पोथी, तर? पोथीला पोथी नाय म्हणणं, आमच्यानं नाय होणार ते. लेकराबाळांचं घर आहे.”

मनकर्णाबाईंचं म्हणणं तेच, वर डोळ्यांना मोतीबिंदू. आप्पासाहेब गल्लीत सात घरं फिरले. सातही घरांत पुस्तक देवघरात, आणि सातही घरांत ते वाचायला मुहूर्त लागत नव्हता. शेवटी तोडगा काढला काकासाहेबांनीच. या माणसाचे तोडगे नेहमीच आधीच्या अडचणीपेक्षा दणकट असतात.

“असं करू, आप्पा. सात दिवसांचं पारायण लावू. देवळाच्या हॉलमधे. मी वाचतो, सगळे ऐकतील. मग सगळ्यांचंच वाचून झालं की नाय? हव्या तेवढ्या सह्या घ्या.”

पुस्तक पोथी नाही हे सिद्ध करण्यासाठी त्याचं पारायण लावायचं, यात काहीतरी चुकतंय हे आप्पासाहेबांना कळत होतं. नाही असं नाही. पण चारशे बारा पानं, नकाशासकट, अख्ख्या गल्लीच्या कानावर जाणार, या कल्पनेनं त्यांची मती गुंग झाली. चाळीस माणसांत एकाला तरी एखादं वाक्य खटकेल! ते हो म्हणाले.

गुरुवारी सकाळी पारायण बसलं. चौरंगावर पुस्तक, मागं भिंतीवर मनकर्णाबाईंनी आणलेला फ्रेमचा नकाशा, पुढं कलश. काकासाहेब सोवळं नेसून बसले आणि त्यांनी अशी काही गती धरली की यज्ञसंस्थेचा उदय आणि अस्त सव्वा तासात झाला. सुरात वाचायचे. तळटीपासुद्धा सुरात. “पाहा तळटीप क्रमांक चाऽऽर, अधिक विवेचनासाठी परिशिष्ट बऽऽ” असं आळवून म्हणाले की बायका नमस्कार करायच्या. बायका बसल्या जागी वाती वळत होत्या. पुरुष मंडळी डोळे मिटून ऐकत होती, आणि त्यातली दोघं-तिघं घोरूनही ऐकत होती. कस्तुराबाई रतीब संपवून यायची आणि दाराशी किटली टेकवून, गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसायची. तिच्याकडं आप्पासाहेबांचं लक्ष नव्हतं. ते पहिल्या रांगेतल्या दोन निवृत्त मास्तरांच्या चेहऱ्यावर आठी शोधत होते. आठी काही पडली नाही.

तिसऱ्या दिवशी सातवा अध्याय आला. हा आप्पासाहेबांचा सगळ्यात जहाल अध्याय. त्यात त्यांनी कुणाची भीड न ठेवता लिहिलं होतं की ज्या दिवशी आपण ग्रंथ वाचायचं सोडून त्यांना हळदकुंकू वाहायला लागलो, त्या दिवशी आपल्या साहित्याची वाढ खुंटली. आप्पासाहेब खुर्चीच्या टोकावर आले. आता भडका उडणार! काकासाहेबांनी ते वाक्य चढ्या सुरात म्हटलं, मनकर्णाबाईंनी उठून पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, आणि कुणीतरी नारळ फोडला.

त्याच क्षणी बाहेरून आरोळी आली, “नळाला पाणी आलं!”

आता पुंडलिकनगरात नळाला पाणी येणं ही काय चीज आहे ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आठव्या दिवशी आलं तर आलं, आणि पाण्याचा वार तर अजून चार दिवस लांब होता. हॉल रिकामा झाला. मोटारी सुरू झाल्या, ड्रम भरले, भांडी भरली, कुणी कुणी तर पातेल्यांची झाकणंसुद्धा भरून ठेवली. अर्ध्या तासानं माणसं परत आली ती हात जोडूनच. पुस्तकाचं नाव ‘मूळ कालवा’, लेखक पाटबंधारे खात्यातला, भिंतीवर निळ्या रेघांचं लाभाचं यंत्र, आणि सातव्या अध्यायाला पाणी! मग आणखी पुरावा कसला पाहिजे होता लोकांना?

आप्पासाहेब जाऊन पाहून आले. पुढच्या चौकातला व्हॉल्व्ह झिजला होता आणि पलीकडच्या लाइनीचं पाणी इकडं वळलं होतं. चौतीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस, कोपरापर्यंत हात चिखलात घालून, चौकात उभा राहून ओरडून सांगत होता, “व्हॉल्व्ह गळतोय! यात अध्यायाचा काही संबंध नाही!” मनकर्णाबाईंनी तेवढ्यात त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. “मोठी माणसं असंच बोलत्यात,” त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी शेजारच्या तीन गल्ल्या आल्या, हंडे-कळशा घेऊन. पाचव्या दिवशी काकासाहेबांनी सुचवलं की शेवटी फलश्रुती नाही ती तेवढी जोडून टाका. वाचणाऱ्याला काय मिळतं ते लिहिल्याशिवाय ग्रंथ पुरा होत नाही. “वाचणाऱ्याला अक्कल मिळते!” आप्पासाहेब किंचाळले. काकासाहेबांनी ते लिहून घेतलं. सहाव्या दिवशी घरात रत्नमालाबाईही म्हणाल्या, “अहो, जरा शांत राहा. एवढे लोक येताहेत, चांगलंच लिहिलं असणार तुम्ही.”

“तू वाचलंस?”

“मला कशाला वाचायला पाहिजे? सहा वर्षं घरात तेच तर चाललं होतं.”

आणि सातव्या दिवशी, ऐन समाप्तीला, जबाबांची वाट न पाहता सोमनाथराव स्थळपाहणीसाठी आले.

त्यांनी दारातच बूट काढले. आत दीडशे माणसं, तेवढेच हंडे, चौरंगावर हारांखाली गाडला गेलेला ग्रंथ. आप्पासाहेब पुढं धावले. “साहेब, हे दिसतंय तसं नाही! हा केवळ सामूहिक वाचनाचा उपक्रम आहे!” सोमनाथरावांनी मान हलवली, पुस्तकाला नमस्कार केला, तीर्थ घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि फाइल उघडून उभ्या उभ्या लिहिलं : ‘पाहणी केली. सदर ग्रंथ पोथीच असल्याचे दिसून आले.’ मग आप्पासाहेबांना बाजूला घेऊन, आवाज खाली करून म्हणाले, “काका, एक प्रत द्याल का? आमच्या सिडकोत दहा-दहा दिवस पाणी नाय हो.”

इथं आप्पासाहेबांचा बांध फुटला.

ते चौरंगापाशी गेले, त्यांनी हार ओढून काढले आणि पुस्तक हातात उंच धरून ओरडले, “हे पुस्तक आहे! माणसानं लिहिलंय! मी लिहिलंय, डोळ्याला चष्मा लावून, चुका करत करत लिहिलंय! सात दिवस ऐकलंत ना? मग एकानं, फक्त एकानं सांगा, यातलं काय पटलं नाही! काय चुकलं ते सांगा!”

मास्तर मंडळींनी खाली पाहिलं. काकासाहेब घंटेकडं हात नेऊन तसेच थांबले.

“त्यो नकाशा चुकलाय,” दारातून आवाज आला.

कस्तुराबाई उठून उभी राहिली होती. आप्पासाहेबांना कळेना आनंद मानावा की राग. सवयीनं राग आला.

“काय चुकलंय त्यात?”

“तुमी म्हनले, गाणं पयले यज्ञात झालं, मंग देवळात आलं, मंग कीर्तनात, आन् तिथून झिरपत झिरपत आमच्या रानात. शेपटाला. उरलंसुरलं.”

“बरोबर! कोणत्या पानावर आहे ते?” आप्पासाहेब दोन पावलं पुढं सरकले.

“पान मला ठाऊक नाय. दुसऱ्या दिशी, दुपारचा चहा आला तवा वाचलं काकासायबांनी.”

आप्पासाहेबांनी मनात हिशेब केला. पाचवा अध्याय. पान एकशे बारा. चहा त्यांनीच सांगितला होता.

“माझी माय जात्यावर बसली की पयली ओवी देवाला घालायची,” कस्तुराबाई म्हणाली. “माझा बाप मेंढरं बसली की घोंगडीवर सुंबरान मांडायचा, देवाचं गाणं, जल्मापासून सगळं, एक अक्षर न चुकता. त्यांनी देऊळ बघितलं नाय आन् कालवा बी नाय. आमचा देवच रानात हाय, तर गाणं देवळातून कशाला येईल? अठरा अध्याय ऐकले मी. माझ्या मायचं त्याच्यात एक बी नाय.”

“त्याला लिखित आधार नाही!”

“आमच्या रानात एक हिर हाय. सरकारच्या नकाशात कुणी दावलीच नव्हती. म्हनून काय ती कोरडी व्हती व्हय?”

दीडशे माणसांत कुणाला काही कळलं नाही. पण विहीर दिसली की दचकणारा तो सर्वेक्षक आप्पासाहेबांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि तो आता अजिबात दचकत नव्हता.

“लेखी आक्षेप द्या!” ते ओरडले, कारण दुसरं काही सुचेना.

“लिवता येत नाय. म्हनून तर सांगतेय.”

तेवढ्यात लोकांना कंठ फुटला. “पोथीला खोटं म्हणती!” “पाणी बंद होईल!” मनकर्णाबाई पदर खोचून उठल्या. काकासाहेब म्हणाले, “कस्तुराबाई, माफी मागा. ग्रंथाला असं बोलू नये.”

“बोलू द्या तिला!” आप्पासाहेब असे गरजले की कलशावरचा नारळ हलला. “खबरदार कुणी गप्प केलं तर! सात दिवसांत ही एकटी बाई ऐकत होती इथं! तुम्ही सगळे वाती वळत होतात!” आणि मग कस्तुराबाईकडं वळून तितक्याच रागानं, “आणि तुम्ही चुकताय, कस्तुराबाई! साफ चुकताय! बसा, तुम्हाला परिशिष्ट ब दाखवतो!”

पाऊण तास भांडण झालं. आरती राहिली, प्रसाद गार झाला, माणसं हंडे घेऊन कंटाळून निघून गेली. कस्तुराबाई एक इंच हटली नाही. आप्पासाहेबही हटले नाहीत, पण मधे एकदा त्यांनी भिंतीवरची फ्रेम उतरवून घेतली, खिशातून पेन्सिल काढली आणि काचेवरून काही उमटेना म्हणून चरफडले. रत्नमालाबाईंनी न सांगता दोन कप चहा पाठवला.

सोमनाथराव मात्र शेवटपर्यंत बसून होते. उठताना त्यांनी फाइल पुन्हा उघडली आणि आपला शेरा खोडला. “काका, पोथीला कुणी खोटं म्हणत नाय. पुस्तकालाच म्हणतात. या मावशींचा जबाब घेऊन टाकू.” त्यांनी लिहिलं, कस्तुराबाईनं अंगठा उठवला. त्या कागदावर, गोल शिक्क्याच्या बाजूला, आजही स्वच्छ अक्षरात असं आहे : ‘मी सदर पुस्तक संपूर्ण ऐकले असून त्यातील नकाशा चुकीचा आहे. सबब सदर पुस्तक ही पोथी नव्हे.’ भारतीय साहित्याच्या मूळ कालव्यावर आजवर आलेला एवढा एकच लेखी अभिप्राय. दुसरा जबाब अजून मिळालेला नाही, त्यामुळे फाइल समितीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध यायच्या वेळेला आप्पासाहेब दारातल्या ओट्यावर कोरी वही घेऊन बसले. वर ‘अध्याय एकोणिसावा’ लिहिलेलं. कस्तुराबाईनं रत्नमालाबाईंच्या पातेल्यात दूध ओतलं आणि वहीकडं पाहिलं.

“सांगा,” आप्पासाहेब गुरकावले. “तुमच्या आईची पहिली ओवी. जशी असेल तशी. मी पटली असं म्हणत नाही, फक्त नोंद करतोय.”

कस्तुराबाई ओट्यावर टेकली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग तिची नजर आप्पासाहेबांच्या पायांवर गेली.

“पयले चपला काढा. आन् हात धुऊन या.”

“का?”

“देवाचं नाव हाय त्याच्यात.”

“कस्तुराबाई, हे साहित्य आहे! मी सात दिवस घसा फोडून सांगतोय, ही काही पोथी...”

“मी कुठं पोथी म्हनले? पर चपला काढा.”

कंपाउंडच्या भिंतीवरून काकासाहेबांचं डोकं दिसत होतं. नळाला पाणी नव्हतं. रत्नमालाबाई तांब्या घेऊन दारात उभ्याच होत्या, जणू त्यांना आधीच ठाऊक होतं. आप्पासाहेबांनी एकदा सगळ्यांकडं रागानं पाहिलं, हात धुतले, आणि चपला काढल्या.